निमुळत्या टोकावरचा आकडा

१

बुधवारी दुपारी नगरपालिकेचा कागद आला. आमच्या अंड्यांत विष नाही, असे त्यात लिहिले होते.

डाइकगल्लीतल्या सात घरांनी आपापल्या परसातल्या कोंबड्यांची चार-चार अंडी तपासणीला दिली होती. एकूण अठ्ठावीस, आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस निर्दोष. खाली सही, शिक्का आणि पालिकेचे ते गोंडस हिरवे पान. आठ नंबरच्या हफीदाने कागद दोनदा वाचला आणि घरात जाऊन मुलीसाठी आम्लेट करायला घेतले. दोन वर्षे तिने त्या पोरीला घरचे अंडे दाखवलेसुद्धा नव्हते. बघता बघता गल्लीभर तापल्या लोण्याचा वास सुटला.

मी मात्र कागद उलटून मागची बाजू वाचली. अडतीस वर्षे मी अंड्यांच्या लिलावघरात काम केले आहे. काळोख्या खोलीत दिव्यापुढे एकेक अंडे धरायचे आणि न फोडता आत काय आहे ते सांगायचे. माणसांच्या बाबतीत तर मला दिवासुद्धा लागत नाही, पण त्याचा कोणी पगार देत नाही.

मागे प्रत्येक अंड्याची नोंद होती. कवच तपकिरी. कवचावर खूण, नाही. हवेची पोकळी, दोन मिलिमीटर. ओळीने अठ्ठावीस वेळा तेच.

मी तशीच चपलांवर हफीदाकडे गेले. पोरीच्या पुढ्यात ताटली ठेवलेली होती. मी ती उचलली.

"मावशी, अहो कागदात साफ लिहिलंय, खराब काही नाही म्हणून," हफीदा म्हणाली.

"कागद खोटा नाही गं. पण त्यांनी तपासली ती अंडी आपली नव्हेत."

२

अंडे श्वास घेते. कवचातून आतला ओलावा हळूहळू उडतो आणि रुंद बाजूला हवेची पोकळी वाढत जाते. कालच्या अंड्यात ती दोन-तीन मिलिमीटर असते, तीन-चार आठवडे मोरीजवळच्या थंड खोलीत ठेवलेल्या अंड्यात आठ-नऊ. यात मत-मतांतर नाही.

आणि आमची अंडी जुनी होती. नोव्हेंबरात कोंबड्या पिसे टाकतात. दिवस लहान होतो, उजेड कमी पडतो आणि त्या अंडी घालणे थांबवतात. पालिकेने तपासणीसाठी नेमका हाच महिना निवडला, कारण तिथल्या एकाही विद्वानाने कोंबडी ताटाबाहेर पाहिलेली नाही. म्हणून आम्ही सात घरांनी ऑक्टोबरच्या मध्यापासून मिळेल ते अंडे बाजूला ठेवले. कुठले कधीचे ते कळावे म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने घर नंबर आणि तारीख घालायला मीच सांगितले. तेही निमुळत्या टोकावर, कारण रुंद टोक दिव्यासाठी मोकळे ठेवायचे ही लिलावघराची शिस्त. पेटीत अंडी निमुळते टोक खाली करून बसतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला खूण दिसत नाही. हे आम्ही पालिकेला सांगितले नव्हते. कोणी विचारलेच नाही.

आता कारखान्याचे. तव्याला काही चिकटू नये म्हणून जे रसायन लावतात ते इथे बनते. ते कुजत नाही, जळत नाही, मातीत जाते, मातीतून गांडुळात, गांडुळातून कोंबडीत. वारा बहुतेक दिवस कारखान्यावरून आमच्याकडे वाहतो. कारखान्याच्या पलीकडे मोलेनबर्ग आहे, त्याला टेकडी म्हणतात, उंची अकरा मीटर. तिथल्या लोकांकडे वारा शेतावरून येतो. तो आधी त्यांचे पडदे लावलेले दिवाणखाने हुंगतो आणि मग कारखान्याकडे वळतो.

कारखान्याला जुने आवार खणायचे होते आणि खणलेली माती कुठेतरी टाकायची होती. जागा दोन. एक आमच्या परसामागे, दुसरी मोलेनबर्गच्या पायथ्याशी. पालिकेचाच नियम होता की जिथली अंडी आधीच मर्यादेबाहेर आहेत तिथे आणखी माती टाकायची नाही. शुक्रवारी सभेत मतदान होते. अंडी निर्दोष म्हणजे बारा मीटरचा ढिगारा आमच्या परसामागे.

आमच्याकडे दोन दिवस होते.

३

अंडी बदलली कोणी म्हणताच हफीदाने पहिले नाव घेतले ते ग्युस्तचे. बावीस नंबर, जन्मभर कारखान्यात राबलेला, खोकल्याने वाकलेला. विषाचा विषय काढला की तो खवळतो. कारखाना बंद पडला तर तुमचे बाप तुम्हाला पोसणार काय, असे तो सगळ्यांना विचारतो. स्वतःची चार अंडी त्याने दिली तीसुद्धा आम्ही कसे तोंडावर पडतो ते बघायला.

"मागच्या आठवड्यात सोमवारी पेट्या गाडीत ठेवायला तोच पुढे होता," हफीदा म्हणाली. "आणि मावशी, मागच्या गुरुवारी तो मागच्या वाटेनं आला. कोटाखाली काहीतरी लपवलं होतं. मी हाक मारली तर ऐकूच न आल्यासारखं केलं."

मी बावीस नंबरची घंटा वाजवली. ग्युस्तने दार चार बोटे उघडले. मी सरळ विचारले की गुरुवारी कोटाखाली काय होते. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"तुझा काय संबंध, लीव्ह?"

"अंडी होती का?"

त्याने दार माझ्या नाकावर आपटले. मी आडून विचारले असते तर तो खोटे बोलला असता. मी सरळ विचारले, आणि त्याला खोटेही सुचले नाही.

४

पण अंडी बदलायला आधी अंडी हवीत. दुकानातल्या अंड्यांवर लाल शाईचा शिक्का असतो. ग्युस्तच्या कोंबड्या माझ्या कोंबड्यांइतक्याच उघड्या पडल्या होत्या, गळ्यापासून शेपटीपर्यंत पिसांचा पत्ता नाही. बिनशिक्क्याची, एक-दोन दिवसांतली अठ्ठावीस अंडी नोव्हेंबरात तो आणणार कुठून?

गुरुवारी सकाळी मी पालिकेत वानेसला गाठले. वानेस हा पर्यावरण अधिकारी. कोट चांगला, मनही वाईट नाही, मधल्या जागेत काही नाही. त्यानेच मागच्या आठवड्यात सोमवारी आमच्याकडून पेट्या नेल्या आणि मंगळवारी प्रयोगशाळेत पोचवल्या. मधली रात्र पेट्या कुठे होत्या, असे विचारल्यावर तो जरा चुळबुळला.

"बाई, इथल्या फ्रीजमध्ये ठेवणार होतो. पण सहकाऱ्याच्या निरोपाचा केक होता आत. मोठा होता हो, दोन मजली."

"मग?"

"मग मादाम क्लोटिल्डनी त्यांचं तळघर देऊ केलं. थंड असतं. स्वतः फोन केला त्यांनी. किती भल्या आहेत."

क्लोटिल्ड द ब्राबांडर. मोलेनबर्ग, एक नंबर. पालिकेच्या हरित समितीच्या अध्यक्ष. दर वसंतात त्या फावड्याला रिबन बांधून एक झाड लावतात आणि त्यांचा फोटो येतो. झाडाचे पुढे काय होते ते कोणी छापत नाही. मागच्या महिन्यात त्या आमच्या गल्लीत सहानुभूती वाटायला आल्या होत्या आणि माझ्या कोंबड्या पाहून हळहळल्या होत्या. आजारी आहेत बिचाऱ्या, सगळी पिसं झडली, तुम्ही त्यांना नीट खायला घालत नाही का, असे म्हणाल्या होत्या. तेव्हा मी हसून सोडून दिले होते. जिला कोंबडी पिसे टाकते हे माहीत नाही, तिच्याकडे कोंबड्या नसतील असे मला वाटले होते.

मी वानेसला विचारले. तो उजळला.

"आहेत की. मागच्या वर्षीच घेतल्या. वीस."

५

मादामनी मला कॉफी दिली आणि बशीत एक बिस्किट. एकच. डब्याचे झाकण त्यांनी लगेच लावले. या घराण्यांत काही वाया जाऊ देत नाहीत, त्यातूनच ती घराणी झाली.

मी त्यांच्या कोंबड्यांचे कौतुक केले, तशा त्या मला दाखवायला घेऊन गेल्या. खुराडे माझ्या स्वयंपाकघराहून मोठे. खिडक्यांना काच, तळाशी भुसा, छताला दोन दिवे. वीसही कोंबड्या गुबगुबीत, पिसांनी भरलेल्या.

"दिवा आपोआप लागतो, पहाटे चारला," मादाम म्हणाल्या. "खुराडं विकणाऱ्यानंच बसवून दिला. माझ्या कोंबड्या एक दिवस खाडा करत नाहीत, गोडेलीव्ह. रोजची सोळा-सतरा." माझे पूर्ण नाव फक्त मादाम घेतात.

म्हणजे दोन दिवसांची बत्तीस-चौतीस. कोंबड्या बाराही महिने अंडी देतात, अशी या बाईंची प्रामाणिक समजूत होती. दिव्याने कोंबडीला हिवाळा कळत नाही, आणि मालकिणीला कोंबडी. तळघरात आमच्या पेट्या उघडून त्यांनी आपली ताजी अंडी आत ठेवली असती, तर एक तपकिरी अंडे दुसऱ्याहून वेगळे असते हे त्यांच्या मनातही आले नसते.

पण हे माझे डोके सांगत होते. सभेत डोके दाखवून चालत नाही, वस्तू लागते. आणि आमची अठ्ठावीस अंडी तर आतापर्यंत कचऱ्यात गेली असणार.

निघताना मी सहज विचारले की एवढ्या अंड्यांचे त्या करतात काय.

"जास्तीची दर गुरुवारी चर्चच्या मदतकेंद्राला देते, गरिबांसाठी. ताजी असतात हं, माझ्याकडे दोन दिवसांवरचं अंडं राहत नाही. अन्न टाकवत नाही मला. घरचे संस्कारच तसे."

मी दारातच थांबले. ग्युस्तने गुरुवारी कोटाखाली काय लपवले होते ते मला कळले, आणि त्याच्या दारात मी जशी बोलले त्याची मला लाज वाटली.

६

या वेळी मी घंटा वाजवली नाही. परसातून गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक केली. ग्युस्त सूप ढवळत होता.

"तू मदतकेंद्रात जातोस ते मी कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले. "पण मादाम क्लोटिल्डनी तिथं दिलेली अंडी मला बघू दे."

त्याने सुपाखालची शेगडी बंद केली. चाळीस वर्षे कारखान्यात काढलेला माणूस, गल्लीला वर्षानुवर्षे स्वाभिमान शिकवत आलेला. त्याने फळीवरची पेटी काढून टेबलावर ठेवली. सहाची पेटी, वर मदतकेंद्राची चिठ्ठी आणि मागच्या गुरुवारची तारीख. आत चार अंडी उरली होती. दोन त्याने खाल्ली होती.

मी पहिले अंडे उचलून उलटे केले. निमुळत्या टोकावर फिकट पेन्सिलीत आठ नंबर, हफीदाचे. दुसरेही तिचेच. तिसऱ्यावर चौदा नंबर, म्हणजे माझे घर, आणि सतरा ऑक्टोबर ही तारीख. ते माझे.

चौथे मी ग्युस्तच्या हातात दिले. त्याने चष्मा लावला, अंडे फिरवले आणि खुर्चीत बसला. त्यावर बावीस होते. आकडे त्याचेच, कारखान्याच्या पिंपांवर जन्मभर काढले तसे जाड आणि ताठ.

"माझंच अंडं," तो म्हणाला. "माझंच अंडं मला भीक म्हणून दिलं तिनं. आणि मी रांगेत उभा राहून आभार मानले, लीव्ह."

या माणसावर मी इतकी वर्षे मनातल्या मनात थुंकत आले होते.

उद्याच्या सभेत ही पेटी दाखवायची तर ती कोणाला मिळाली हे सांगावे लागणार होते. मला दुसरी वाट दिसत नव्हती आणि तसे मी त्याला म्हणाले. त्याने पेटीचे झाकण लावले आणि ती स्वतःकडे ओढून घेतली.

"ही मी आणीन," एवढेच तो म्हणाला.

आणील की रात्रीतून कोंबड्यांना घालील, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळेना.

७

शुक्रवारी सभागृह भरलेले होते. पुढच्या रांगेत मोलेनबर्ग, मागे उभे आम्ही. नगराध्यक्षांनी प्रयोगशाळेचा कागद मोठ्याने वाचला आणि डाइकगल्लीचे अभिनंदन केले. मादाम क्लोटिल्डनी टाळ्या वाजवल्या. ग्युस्तचा पत्ता नव्हता.

मी बोलायची परवानगी मागितली. माझी जुनी दिव्याची पेटी मी पिशवीतून आणली होती. मी त्यांना पोकळी समजावली, पिसे समजावली, ऑक्टोबरपासून साठवलेली अंडी आणि पेन्सिलीचे आकडे सांगितले. प्रयोगशाळेत गेलेल्या अंड्यांवर एकही खूण नव्हती आणि ती कालच घातल्यासारखी होती. पेट्या आमच्या गल्लीतून प्रयोगशाळेत जाताना एकाच जागी थांबल्या. आणि त्या जागेच्या परसात नोव्हेंबरातही रोज सोळा अंडी निघतात. मी नाव घेतले नाही. पुढच्या रांगेतल्या माना आपोआप वळल्या.

मादाम हसल्या. "गोडेलीव्ह, तुमची ती खुणांची अंडी कुठे आहेत मग? असं कोणीही काहीही म्हणेल."

"इथं आहेत," मागून आवाज आला.

ग्युस्त रविवारचा कोट घालून आला होता. पेटी त्याने कोटाखाली धरली नव्हती, दोन्ही हातांत पुढे धरली होती. गर्दीतून तो पुढे आला आणि पेटी नगराध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

"मी ग्युस्त. बावीस नंबर. मला पेन्शन पुरत नाही म्हणून मी दर गुरुवारी मदतकेंद्रात जातो. मागच्या गुरुवारी मादामच्या अंड्यांतली ही मला मिळाली. यातलं एक माझ्याच कोंबडीचं आहे. आकडा मी काढलाय."

आकडे मागाहून काढले असतील, असे पुढच्या रांगेतले कोणीतरी पुटपुटले. मी दिवे घालवायला सांगितले, माझे अंडे दिव्यापुढे धरले आणि वानेसला मापपट्टी लावायला लावली. वानेसने दोनदा मोजले.

"नऊ," तो म्हणाला.

"आणि मादामकडे दोन दिवसांवरचं अंडं राहत नाही. काल त्यांनीच मला सांगितलं."

दिवे लागले तेव्हा मादाम उभ्या होत्या. रडतील, नाकारतील, असे मला वाटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त वैताग होता.

"बरं, मग?" त्या म्हणाल्या. "ती माती कुठेतरी टाकायचीच ना? डाइकगल्लीला सवय आहे. तिथं आणखी थोडं पडलं तर कोणाला कळणार होतं? आमच्याकडे अजून सगळं स्वच्छ आहे, ते मुद्दाम घाण करण्यात काय शहाणपणा? आणि अंडी मी फेकली तर नाहीत. ज्यांची होती त्यांनाच गेली. ते ती खातच होते की."

मी आयुष्यात खूप सडकी अंडी फोडली आहेत. त्या वासाला मी कधी तोंड फिरवले नाही. त्या दिवशी फिरवले.

नगराध्यक्ष घाईघाईने म्हणाले की हा प्रयोगशाळेचा कागद रद्द समजावा.

"रद्द कशाला?" मी म्हणाले. "कागद अगदी खरा आहे. फक्त पत्ता चुकलाय."

मी टेबलावरचा कागद ओढला, पेन्सिलीने 'डाइकगल्ली' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिले, 'मोलेनबर्ग, एक नंबर. अठ्ठावीस अंडी. सर्व निर्दोष.' वानेसला मी खाली सही करायला सांगितली. त्याने नगराध्यक्षांकडे पाहिले, ग्युस्तकडे पाहिले आणि सही केली. त्याच्या मधल्या जागेत काहीतरी होते म्हणायचे.

मतदान पुढे ढकलले गेले. ग्युस्तच्या पेटीतली चार अंडी हफीदा आणि मी स्वतः प्रयोगशाळेत नेली, वाटेत कुठल्याही तळघरात न थांबता. आठ दिवसांनी उत्तर आले. मर्यादेच्या एकवीस पट. ढिगारा आमच्या परसामागून रद्द झाला. मादामनी प्रकृतीच्या कारणास्तव समिती सोडली आणि पालिकेने त्यांना फुले दिली. माती मोलेनबर्गच्या पायथ्याशी टाकायची वेळ आली तेव्हा मात्र सभेला एकाएकी सुचले की ती खणल्यावर कारखान्यातच धुऊन घेता येते. आमच्या परसासाठी हे तीन वर्षांत कोणाला सुचले नव्हते.

हफीदाची मुलगी अजूनही घरचे अंडे खात नाही. पण का खात नाही ते आता कागदावर आहे.

ते दोन्ही कागद ग्युस्तने बावीस नंबरच्या खिडकीला आतून चिकटवले आहेत, शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून. एकाच प्रयोगशाळेचे, एकाच शिक्क्याचे. एकावर मोलेनबर्ग आणि निर्दोष, दुसऱ्यावर डाइकगल्ली आणि एकवीस पट. दर गुरुवारी तो पुढच्या दाराने निघतो, हातात मदतकेंद्राची पिशवी उघडी धरून, आणि कोणी खिडकीपाशी थांबून वाचत असेल तर वाचून होईपर्यंत उभा राहतो.